मान्याची दुसरी पदवी

बारावीचा निकाल लागला की घराघरांत खलबतं सुरू होतात. पूर्वी प्रश्न सोपा असायचा. गावात किंवा तालुक्याला जे कॉलेज आहे, तिथं जे विषय मिळतात, त्यातला एक धरायचा आणि तीन वर्षांत पदवी पदरात पाडून घ्यायची. आता तसं राहिलेलं नाही. एप्रिल २०२२मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं एकाच वेळी दोन पदव्यांचं शिक्षण घ्यायला परवानगी दिली. एक पदवी कॉलेजात जाऊन आणि दुसरी मुक्त विद्यापीठातून किंवा ऑनलाइन करता येते. तासांच्या वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन्ही कॉलेजात जाऊनही करता येतात. त्यात नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर, मायनर, डबल मेजर हे शब्द थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचलेत. लेकीला गणित सोडवत नाही आणि मानसशास्त्रही खुणावतंय. वडील फीचा आणि एसटीच्या पासचा हिशेब मांडून बसलेत. आजीला वेगळीच काळजी, की पोरगी एवढी शिकली तर तिच्या तोडीचा मुलगा कुठून शोधायचा! आणि आई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मध्ये.

मैत्रिणींनो, दोन पदव्या घ्याव्यात की एकीवर थांबावं, याचं एका वाक्यातलं उत्तर माझ्याकडे नाही. पण हाच प्रश्न १८९३च्या उन्हाळ्यात एका २५ वर्षांच्या मुलीपुढे उभा राहिला होता. तिचं नाव आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलंय. मादाम क्युरी. तिची गोष्ट आपण नेहमी रेडियमपासून सुरू करतो. आज ती त्याच्या थोडी अलीकडून ऐकू या, कारण मला स्वतःला तो अलीकडचा भागच जास्त मोलाचा वाटतो.

तिचं माहेरचं नाव मारिया स्क्लोडोव्स्का. घरात तिला मान्या म्हणत. जन्म ७ नोव्हेंबर १८६७चा, पोलंडमधल्या वॉर्साचा. पाच भावंडांत ती धाकटी. वडील गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायचे, आई मुलींची शाळा चालवायची. म्हणजे घर मास्तरांचं, पुस्तकांनी भरलेलं आणि पैशानं रिकामं. देशावर रशियाचं राज्य होतं. शाळेत पोलिश भाषेला जागा नव्हती. थोरली बहीण टायफसनं गेली, आणि मान्या दहा वर्षांची असताना आईही क्षयानं गेली. तरी पंधराव्या वर्षी, १८८३मध्ये, ती सुवर्णपदक मिळवून शाळेतून बाहेर पडली.

आणि तिथंच रस्ता संपला. वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता.

काही पोलिश मंडळी तेव्हा लपूनछपून वर्ग चालवायची. आज या घरात, उद्या त्या घरात. त्यामुळे त्याला फिरतं विद्यापीठ म्हणत. मान्या आणि तिची मोठी बहीण ब्रोन्या तिथं जायच्या. पण ब्रोन्याला व्हायचं होतं डॉक्टर, आणि त्यासाठी पॅरिस गाठायला हवं होतं. मग या दोघी बहिणींनी आपसात एक करार केला. आधी ब्रोन्यानं पॅरिसला जायचं, मान्यानं नोकरी करून तिला पैसे पाठवायचे. ब्रोन्या डॉक्टर झाली की तिनं मान्याला बोलावून घ्यायचं. कागद नाही, सही नाही. बहिणीबहिणींचा शब्द, बस्स.

१८८६च्या जानेवारीत मान्या श्चुकी नावाच्या खेड्यात गव्हर्नेस म्हणून गेली. एका श्रीमंत कुटुंबाच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवायचं, पगार वर्षाला ५०० रुबल. खिडकीतून बाहेर पाहिलं की बिटाची शेतं आणि साखर कारखान्याचं धुराडं. आपल्याकडे कारखान्याच्या गावात राहणाऱ्या मैत्रिणींना ते दृश्य सांगायला नको. बीट म्हणा की ऊस, धूर तोच. दिवसभर मुलांना शिकवायचं, पगारातून ब्रोन्याला पैसे पाठवायचे, आणि रात्री उशिरापर्यंत पुस्तकं घेऊन बसायचं. गणिताचे प्रश्न सोडवून ती वडिलांना पोस्टानं पाठवायची आणि वडील उत्तरं तपासून परत धाडायचे. त्या कारखान्यातल्या एका रसायनतज्ज्ञाकडून तिनं रसायनाचे धडेही घेतले. पुढे काय उपयोगी पडेल याचा पत्ता नव्हता. समोर जे मिळेल ते ती शिकत गेली. शिवाय गावातल्या गरीब मुलांना ती पोलिश लिहा-वाचायला शिकवायची, आणि हा तेव्हा गुन्हा होता.

याच घरात तिचं मनही गुंतलं. थोरला मुलगा वॉर्साहून सुट्टीत घरी आला होता. शिकत होता गणित. दोघांनी लग्न करायचं ठरवलं, पण त्याच्या आईवडिलांनी साफ नकार दिला. घरच्या पगारी मास्तरणीला सून करून घ्यायचं? मुलगा गप्प बसला. मान्याला त्याच घरात, त्याच माणसांपुढे आणखी बराच काळ काढावा लागला, कारण पगार बुडाला असता तर तिकडे ब्रोन्याचं शिक्षण थांबलं असतं. तो मुलगा पुढे पोलंडमधला नामांकित गणिती झाला. असो.

वॉर्साला परतल्यावर तिला पहिल्यांदाच खरी प्रयोगशाळा मिळाली. उद्योग आणि शेतीच्या संग्रहालयातली ती छोटी प्रयोगशाळा आईकडून नात्यातला एक भाऊ चालवायचा. संध्याकाळी आणि रविवारी ती तिथं जायची. काचेच्या नळ्या, भट्ट्या, पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धती. हे सगळं हातानं करून शिकली. ना त्याची परीक्षा झाली, ना प्रमाणपत्र मिळालं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८९१च्या नोव्हेंबरात, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मान्या पॅरिसला पोचली. कराराला सहा वर्षं होऊन गेली होती. आपल्याकडे या वयात दोन लेकरं कडेवर असतात आणि शिकायचं वय गेलं असं आपण बिनदिक्कत म्हणून मोकळ्या होतो.

सोरबॉनच्या विज्ञान शाखेत अठराशेच्या वर विद्यार्थी होते. त्यात मुली फक्त २३. मान्याचं, म्हणजे आता मारीचं, फ्रेंच कच्चं होतं. गणितही कच्चं होतं. वॉर्साला लपूनछपून शिकलेलं आणि पोस्टानं शिकलेलं गणित पॅरिसच्या मुलांपुढे कमी पडत होतं. सुरुवातीला ती ब्रोन्याकडे राहिली. ब्रोन्याचं आता लग्न झालं होतं, नवराही डॉक्टर, घरात सतत माणसांची ये-जा. तिथून कॉलेज लांब. जाण्यायेण्यात वेळ आणि भाडं दोन्ही जायचं. म्हणून तिनं कॉलेजच्या जवळ एक पोटमाळ्याची खोली घेतली. हाताशी महिन्याला साधारण ४० रुबल. त्यात भाडं, खाणं, कोळसा, वह्यापुस्तकं आणि फी. सहा मजले कोळशाची बादली वर न्यायची. चहा, पाव आणि लोणी, कधीतरी अंडं. एकदा ती चक्कर येऊन पडली, तेव्हा ब्रोन्याच्या डॉक्टर नवऱ्यानं चौकशी केली, तर आदल्या दिवसापासून पोटात मूठभर मुळे आणि थोड्या चेरींपलीकडे काही गेलं नव्हतं.

या उपासमारीचं कौतुक करायची आपल्याकडे फार सवय आहे. मला त्यात कौतुकासारखं काही दिसत नाही. होस्टेलवर राहणाऱ्या आपल्या मुलीही मेसचे पैसे वाचवून चहा-बिस्किटावर दिवस काढतात आणि घरी सांगत नाहीत. त्यांना या गोष्टीचा दाखला देऊ नका. डबा पाठवा.

जुलै १८९३मध्ये पदार्थविज्ञान शाखेच्या पदवी परीक्षेचा निकाल लागला. मारी पहिली आली.

आता इथं आपला प्रश्न येतो. तिचं मूळ ठरलं काय होतं? पदवी घ्यायची, वॉर्साला परतायचं, वडिलांजवळ राहायचं आणि शिक्षिका व्हायचं. वडील साठी ओलांडलेले होते आणि लेकीची वाट बघत होते. पदवी हातात आली होती, तीही पहिल्या क्रमांकाची. साठवलेले पैसे संपले होते. कुठल्याही शहाण्या माणसानं सांगितलं असतं की बाई, झालं, आता घरी ये. त्यात चूक काहीच नव्हतं. आणि तिला तर आणखी एक पदवी हवी होती, गणिताची.

कशासाठी? हौस म्हणून नाही, की नावापुढे दोन पदव्या लागाव्यात म्हणून नाही. पदार्थविज्ञान शिकताना गणिताशिवाय आपलं घोडं अडतं, हे तिला पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. म्हणजे पहिल्या विषयात जिथं खड्डा दिसला, तो भरण्यासाठी दुसरा विषय. दोन पदव्यांच्या बाजूनं याहून सरळ कारण मला तरी माहीत नाही. मुलीनं एक विषय वर्षभर शिकून, तो आवडून, त्यात नेमकं काय कमी पडतंय हे स्वतः बोलून दाखवलं, तर तिचं ऐकावं. पण शेजारच्या मुलीनं दोन विषय घेतले म्हणून आपल्याही मुलीनं घ्यायचे, असं असेल तर जरा थांबलेलं बरं. आणखी एक गोष्ट. मारीनं दोन्ही अभ्यास एकाच वेळी अंगावर घेतले नाहीत. एक संपवला, मग दुसरा घेतला. हे आपल्याकडेही करता येतंच. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहे. एक पदवी हातात आल्यावर नोकरी सांभाळून किंवा संसार सांभाळून दुसरी घेणाऱ्या बायका तुमच्याही ओळखीत असतील. दोन्ही एकदम केलं तर वर्षं वाचतात हे खरं, पण परीक्षांच्या तारखा एकमेकींवर आल्या तर पोरीनं कुठल्या वर्गात बसायचं, हे प्रवेश घेण्याआधी दोन्ही ठिकाणी विचारून घ्यावं.

मारीकडे मनाची तयारी होती, पैसे नव्हते. त्या उन्हाळ्यात ती वॉर्साला गेली तेव्हा परत पॅरिसला जाता येईल याची खात्री नव्हती. इथं एका पोलिश मैत्रिणीनं तिच्यासाठी धावपळ केली. परदेशी शिकणाऱ्या हुशार पोलिश विद्यार्थ्यांसाठी अलेक्झांड्रोविच नावाची शिष्यवृत्ती होती. मैत्रिणीनं खटपट करून ती मारीला मिळवून दिली. रक्कम ६०० रुबल. महिन्याला ४० रुबलनं हिशेब केला तर बरोबर १५ महिन्यांची सोय. गणिताच्या अभ्यासाला एवढा वेळ पुरेसा होता.

शिष्यवृत्ती मिळाली नसती तर? मारी क्युरी नावाची बाई झालीच नसती कदाचित. वॉर्सातल्या एखाद्या शाळेत स्क्लोडोव्स्काबाई पदार्थविज्ञान शिकवत राहिल्या असत्या, आणि तेही काही वाईट आयुष्य नव्हतं. पण सांगायचा मुद्दा असा, की दुसऱ्या पदवीचा निर्णय तिनं कर्ज काढून किंवा वडिलांच्या म्हातारपणाच्या पुंजीला हात लावून घेतला नाही. पैसे कुठून येणार हे आधी पक्कं झालं, मग ती गाडीत बसली.

शरद ऋतूत ती पुन्हा पॅरिसला आली आणि गणिताला भिडली. या वर्षात आणखी एक गोष्ट घडली. सोरबॉनमधले तिचे प्राध्यापक लिपमन यांच्यामार्फत तिला एक काम मिळालं. फ्रान्समधल्या राष्ट्रीय उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेला वेगवेगळ्या पोलादांचे चुंबकीय गुणधर्म तपासून हवे होते. काम पैसे देणारं होतं. पण त्याची यंत्रसामग्री अवजड, आणि लिपमन यांच्या प्रयोगशाळेत तेवढी जागाच नव्हती. ओळखीचे एक पोलिश शास्त्रज्ञ तेव्हा पत्नीसह पॅरिसला आले होते. त्यांनी विचार केला की चुंबकत्वावर काम करणारा एक फ्रेंच माणूस आहे, त्याच्याकडे जागा असेल. १८९४च्या वसंतात त्यांनी आपल्या मुक्कामी दोघांची भेट घडवली.

त्या माणसाचं नाव पिएर क्युरी. वय पस्तिशीचं, अबोल, एका तंत्रशाळेत शिकवणारा. जागा त्याच्याकडेही फारशी नव्हती म्हणतात! पण दोघं बोलत बसली ती बसलीच.

जुलै १८९४मध्ये गणिताचा निकाल लागला. मारी दुसरी आली. पहिल्या परीक्षेत पहिली आणि या परीक्षेत दुसरी, ज्या विषयात आपण कच्च्या आहोत असं तिला दोन-तीन वर्षांपूर्वी वाटत होतं, त्यात.

मग गणिताच्या पदवीचा उपयोग काय झाला? प्रामाणिकपणे बघितलं तर उत्तर जरा मजेशीर आहे. पुढे ज्या शोधांनी ती जगाला माहीत झाली, त्यात उच्च गणिताची फारशी गरज पडली नाही. अतिशय बारीक विद्युतप्रवाह अचूक मोजणं, मोजलेलं पुन्हा मोजणं, आणि मोठ्या ढिगातून चिमूटभर पदार्थ वेगळा काढणं, हे ते काम होतं. पण त्या गणिताच्या वर्षानं तिला पॅरिसमध्ये ठेवलं. त्याच वर्षात पहिलं स्वतंत्र संशोधन मिळालं, पहिली कमाई मिळाली आणि पिएर भेटला. हे कुठल्याही माहितीपुस्तिकेत छापलेलं नव्हतं. ती गेली होती गणितातला खड्डा भरायला. तो भरला, आणि बाकीचं त्याच्या आजूबाजूला घडलं. आता यावरून दुसरी पदवी घेतली की नवरा चांगला मिळतो असा अर्थ कुणी काढू नये, आजींनी तर मुळीच नाही.

निकालानंतर ती वॉर्साला गेली. तिथंच राहायचं तिच्या मनात होतं. पिएरनं पत्रं पाठवून पाठवून तिला परत यायला राजी केलं. ऑक्टोबरमध्ये ती आली. गंमत म्हणजे पिएरनं तोवर स्वतः डॉक्टरेटच घेतली नव्हती. संशोधन पडून होतं, लिहून काढायचा कंटाळा. मारीनं मागे लागून ते लिहायला लावलं आणि मार्च १८९५मध्ये तो डॉक्टर झाला. २६ जुलै १८९५ला दोघांचं लग्न झालं. नवरीनं गडद निळे कपडे निवडले, कारण नंतर ते प्रयोगशाळेत वापरता येणार होते. आहेराच्या पैशातून दोन सायकली आल्या आणि मधुचंद्र सायकलवर झाला.

पुढच्याच वर्षी, १८९६मध्ये, मुलींच्या माध्यमिक शाळांत शिकवण्यासाठीची परीक्षा तिनं दिली आणि पहिली आली. १९०० सालापासून सेव्हर इथल्या, शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवू लागली. या नोकरीनं घराला आधार दिला. संशोधनातून तेव्हा घर चालत नव्हतं. १८९७च्या सप्टेंबरात मुलगी झाली, इरेन. सासरे एकटे पडले होते, ते यांच्याकडे राहायला आले आणि नातीला त्यांनी सांभाळलं. शिकलेल्या सुनेच्या पाठीशी उभा राहणारा हा सासरा फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. ते नसते तर रेडियमही नसतं, असं माझं मत आहे.

आणि हो, पोलादाच्या कामाचे पैसे हातात आल्यावर तिनं पहिल्यांदा काय केलं, तर ते ६०० रुबल शिष्यवृत्तीवाल्यांना परत केले. ही रक्कम परत करायची असा नियमच नव्हता. आजवर कुणी ती परत केलीही नव्हती, त्यामुळे तिथले लोक चकित झाले. तिचा विचार एवढाच, की आता या पैशावर दुसऱ्या कुणाला शिकता येईल.

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगते. डॉक्टरेटसाठी तिनं युरेनियममधून निघणाऱ्या किरणांचा विषय घेतला. पिचब्लेंड नावाचं खनिज त्यातल्या युरेनियमच्या मानानं जास्तच किरणं सोडतंय, हे तिच्या मोजमापात आलं. म्हणजे आत आणखी काहीतरी दडलेलं आहे. जुलै १८९८मध्ये दोघांनी पोलोनियम जाहीर केलं, मायदेशाच्या नावावरून. डिसेंबरमध्ये रेडियम. पण रेडियम आहे असं म्हणणं वेगळं आणि ते बाटलीत काढून दाखवणं वेगळं. गळक्या शेडमध्ये, मोठमोठ्या भांड्यांत खनिज उकळत, स्वतःच्या उंचीएवढ्या लोखंडी दांड्यानं ढवळत तिनं टनावारी माल गाळला. १९०२पर्यंत हाती आलं ते साधारण एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड.

हे ढवळणं, गाळणं, स्फटिक करून पुन्हा विरघळवणं म्हणजे रसायनशास्त्र. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं ते हेच. मारीकडे पदवी होती पदार्थविज्ञान शाखेची आणि गणिताची. रसायनाची स्वतंत्र पदवी तिनं कधीच घेतली नाही. त्या विषयातला तिचा हात बसायला सुरुवात झाली होती साखर कारखान्याच्या गावात आणि वॉर्साच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत. १९०३मध्ये तिला पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, पिएर आणि बेकेरेल यांच्यासोबत. आधी तर नावं फक्त दोघा पुरुषांचीच निघाली होती. पिएरला ते कळलं आणि त्यानं मारीचं नाव घ्यायला लावलं. दुसरं नोबेल १९११मध्ये, एकटीला, आणि ते मात्र रसायनशास्त्राचं.

या दोहोंच्या मध्ये आठ वर्षं गेली आणि त्यात १९ एप्रिल १९०६ हा दिवस होता. पावसात रस्ता ओलांडताना पिएर घोडागाडीखाली सापडून गेला. मारी ३८ वर्षांची, पदरात दोन मुली, धाकटी एव्ह सव्वा वर्षाची. सरकारनं विधवा म्हणून पेन्शन देऊ केलं. ते तिनं नाकारलं. विद्यापीठानं पिएरचे वर्ग तिच्याकडे सोपवले आणि ५ नोव्हेंबर १९०६ला ती सोरबॉनमध्ये शिकवायला उभी राहिली. तिथं शिकवणारी ती पहिली बाई. पाहायला गर्दी लोटली होती, रडेल वगैरे अशी अपेक्षा असावी. तिनं पिएरनं जिथं विषय सोडला होता, तिथून पुढे सुरुवात केली. पदार्थविज्ञानाची पदवी तर हवीच होती, पण अशा वर्गापुढे उभं राहायला गणिताचं ते वर्षही तिच्या पाठीशी असणार, असं मला वाटतं. एखादा विषय तेरा वर्षांनी असा कामी येतो.

१९११ साल तिच्यासाठी वाईटच होतं. विज्ञान अकादमीत निवडून येता आलं नाही, आणि एका विवाहित सहकाऱ्याशी असलेल्या संबंधांवरून वर्तमानपत्रांनी तिला फाडून खाल्लं. सभारंभाला येऊ नका असंही स्वीडनमधून सुचवलं गेलं. ती गेली आणि बक्षीस घेऊन आली. मग १९१४चं महायुद्ध. तेव्हा वय ४७च्या आसपास. जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधायला एक्स-रेची यंत्रं आघाडीवर न्यायला हवी होती. त्यासाठी ती शरीररचना शिकली, एक्स-रे घ्यायला शिकली, मोटार चालवायला शिकली. सुमारे २० एक्स-रे गाड्या आणि २०० केंद्रं तिच्या धडपडीतून उभी राहिली. सोबतीला होती कोवळी इरेन. या शिक्षणाला तर कुठल्याच कॉलेजचा शिक्का नव्हता.

४ जुलै १९३४ला ती गेली. इतकी वर्षं किरणांच्या सहवासात काढल्यानं रक्त तयार होणंच थांबलं होतं. तिच्या वह्या आजही शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात.

दोन्ही मुलींचं पुढे काय झालं, हे आयांना विचारावंसं वाटणारच. इरेननं आईचीच वाट धरली. युद्धाच्या धामधुमीत गणित आणि पदार्थविज्ञान घेऊन पदवी मिळवली आणि १९३५मध्ये नवऱ्यासोबत नोबेल घेतलं. तेही रसायनशास्त्राचं! धाकटी एव्ह विज्ञान आणि तत्त्वज्ञान दोन्ही शिकली, आणि दोन्ही बाजूला ठेवून पियानो वाजवू लागली, मग पत्रकार झाली. १९३७मध्ये तिनं आईचं चरित्र लिहिलं. सहा मजले वर नेलेली कोळशाची बादली जगाला ठाऊक झाली ती त्या पुस्तकातून. एव्ह १०२ वर्षं जगली आणि २००७मध्ये न्यूयॉर्कला वारली.